शेजाऱ्याला पटव: ब्लेंडेड वर्गात मुलांनी एकमेकांकडून शिकावं म्हणून काय काय करावं लागतं

आदल्या रात्री व्हिडिओ पाठवायचा आणि सकाळी तोच भाग पुन्हा फळ्यावर लिहून द्यायचा. बऱ्याच शाळांत ब्लेंडेड शिकवणं, म्हणजे काही भाग घरी व्हिडिओवर आणि बाकीचा वर्गात, एवढ्यावरच थांबतं. मुलं हे आठवड्याभरात ओळखतात. सर वर्गात सगळं सांगणारच असतील, तर घरी व्हिडिओ पाहायचा कशाला? मग शिक्षक म्हणतात, ‘मुलं व्हिडिओ बघत नाहीत.’

व्हिडिओचा खरा फायदा हा की वर्गातली पंधरा-वीस मिनिटं मोकळी होतात. त्या वेळात मुलांनी एकमेकांशी वाद घालावा, एकमेकांना पटवावं, स्वतःची चूक स्वतः पकडावी. ते कसं घडवायचं हे या लेखात आहे. उदाहरणासाठी नववीचा वर्ग, पट ४८, तासिका ३५ मिनिटांची आणि बालभारतीच्या विज्ञान पुस्तकातला पहिला पाठ, ‘गतीचे नियम’, असं धरलं आहे. पट वेगळा असेल तर आकडे त्या प्रमाणात बदला.

आधी एक गैरसमज. हुशार मुलाच्या शेजारी कच्चं मूल बसवून ‘याला शिकव’ म्हणणं, याला इथे सहअध्ययन, म्हणजे मुलांनी एकमेकांकडून शिकणं, म्हटलेलं नाही. ती पद्धत जुनी आहे. आपल्याकडच्या गावठी शाळांत मोठी मुलं धाकट्यांना वाळूत अक्षरं गिरवायला शिकवत. मद्रासला अनाथाश्रमाची शाळा सांभाळणाऱ्या अँड्र्यू बेलने हे पाहिलं, स्वतःच्या शाळेत लागू केलं आणि १७९७ मध्ये त्यावर लिहिलं. पुढे इंग्लंडात ही पद्धत खूप पसरली, त्याचं मुख्य कारण ती स्वस्त होती: एका मास्तरात शेकडो मुलं. तिच्यात ज्ञान एकाच दिशेने वाहतं, हुशार मूल कंटाळतं आणि कच्च्या मुलाच्या कपाळावर ‘कच्चा’ हा शिक्का बसतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही मुलांनी मुलांना शिकवण्याचा उल्लेख आहे, पण ते ऐच्छिक, आनंदाचं आणि शिक्षकाच्या देखरेखीखाली असावं, असं म्हटलं आहे.

इथे सांगितलेली पद्धत वेगळी आहे. हार्वर्डमधले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी १९९१ पासून ती वापरात आणली. व्याख्यान मध्येच थांबवायचं, एक प्रश्न टाकायचा, प्रत्येकाने एकट्याने उत्तर निवडायचं, मग शेजाऱ्याला पटवायचं आणि पुन्हा मत द्यायचं. दोघांनाही उत्तर येत नसेल तरी चालेल का, ही शंका शिक्षकांना हमखास येते. कोलोरॅडो विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात याचं उत्तर दिलं. सुरुवातीला गटात कोणालाच बरोबर उत्तर येत नव्हतं, तिथेही चर्चेनंतर तशाच दुसऱ्या प्रश्नाची उत्तरं सुधारली. म्हणजे ज्ञान एकाकडून दुसऱ्याकडे जातंच असं नाही. बोलता बोलता दोघांच्याही डोक्यातला गुंता सुटतो.

घरची बाजू: आधी फोन मोजा

पहिला व्हिडिओ पाठवण्याआधी एक तासिका खर्चून फोनचा तक्ता करा. ‘घरी स्मार्टफोन आहे का?’ एवढं विचारून काही कळत नाही. चार रकाने हवेत: फोन कोणाचा, तो घरी किती ते किती असतो, नेट पॅक रोजचा की लागेल तेव्हा मारलेला, आणि घरात तो फोन मागणारी भावंडं किती. फोन वडिलांचा असतो आणि वडील साडेसात-आठला घरी येतात, हे अनेक घरांतलं वास्तव आहे. म्हणून उद्याच्या तासाचा व्हिडिओ आज संध्याकाळी पाठवू नका. मध्ये दोन रात्री तरी जाऊ द्या.

ज्यांच्याकडे फोन नाही त्यांना शेजारच्या फोनवाल्याशी जोडून ‘फोन गट’ करा. गट चारचा, पाचवा नको. पाचव्याला स्क्रीन दिसत नाही आणि तोच खोड्या काढतो. घरं चालत दहा मिनिटांच्या आत हवीत, बघण्याची वेळ अंधार पडण्याआधीची हवी, आणि ज्या घरी जमायचं त्या घरच्यांशी शिक्षकाने स्वतः बोललेलं असावं. मुलींच्या गटाचं घर कोणतं, हे त्यांच्या आयांना विचारूनच ठरवा. एवढं करूनही पाच-सहा मुलं उरतातच. त्यांच्यासाठी शाळेचा टॅब किंवा शिक्षकाचा फोन प्रार्थनेआधी पंधरा मिनिटं व्हरांड्यात ठेवा. याला शिक्षेचं रूप येऊ देऊ नका.

व्हिडिओ पाच-सहा मिनिटांचा आणि एकाच उपघटकाचा असावा. न्यूटनचे तिन्ही नियम एकत्र कोंबलेला वीस मिनिटांचा व्हिडिओ कोणी शेवटपर्यंत पाहत नाही. तयार साहित्य हवं असेल तर पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड दीक्षा या सरकारी शैक्षणिक अ‍ॅपने स्कॅन करा. तिथले व्हिडिओ शाळेच्या वायफायवर उतरवून नंतर नेटशिवाय दाखवता येतात. स्वतः करणार असाल तर स्टुलावर पुस्तकांची चळत रचा, फोन तिच्यावर काठाबाहेर येईल असा आडवा ठेवा आणि खाली वहीवर जाड स्केचपेनने लिहीत बोला. पंखा बंद करा, नाहीतर निम्मा आवाज त्याचाच येतो. चेहरा दिसला नाही तरी चालतं. साध्या दर्जाचा पाच मिनिटांचा व्हिडिओ १५ ते २० एमबीत बसतो. फाईल ५० एमबीच्या वर गेली तर निम्मी मुलं ती डाऊनलोडच करणार नाहीत.

शेवटी उत्तर न देता एक प्रश्न सोडा. ‘एसटीच्या काचेवर डास आपटला, तर कोणी कोणाला जास्त बलाने ढकललं?’ एवढं बोलून व्हिडिओ बंद.

व्हिडिओबरोबर घरची चिठ्ठी असते. पाव कागद, तीन ओळी: व्हिडिओत काय सांगितलं ते एका वाक्यात, कुठे अडलं, आणि शेवटच्या प्रश्नाला माझं उत्तर काय व का. ‘समजलं का?’ असा प्रश्न चिठ्ठीवर कधीच नको. त्याला ४८ पैकी ४८ जण ‘हो’ लिहितात. चिठ्ठी वर्गाच्या दारात गोळा करायची. ती तपासायची नसते, चाळायची असते. ‘कुठे अडलं’ ही दुसरी ओळ दहा-बारा चिठ्ठ्यांवर वाचली की आज कशावर बोलायचं ते कळतं.

प्रश्न लिहिणं: खरी मेहनत इथेच

चर्चा फसते त्यातल्या बहुतेक वेळा दोष प्रश्नाचा असतो. ‘विस्थापन म्हणजे काय?’ यावर चर्चा होऊ शकत नाही. एकाला आठवतं, दुसऱ्याला आठवत नाही, पहिला सांगतो, संपलं. ‘३ किमी पूर्वेला आणि ४ किमी उत्तरेला गेल्यावर विस्थापन किती?’ हा हिशोबाचा प्रश्न आहे. ज्याची आकडेमोड आधी होते तो उत्तर सांगतो आणि बाकीचे उतरवतात.

चांगल्या प्रश्नात आकडेमोड नसते, उत्तर पुस्तकात जसंच्या तसं सापडत नाही आणि प्रत्येक चुकीच्या पर्यायामागे एक खरा, मुलांच्या मनात बसलेला समज असतो. डासाचाच प्रश्न घ्या:

अ) एसटी डासावर जास्त बल लावते.
ब) डास एसटीवर जास्त बल लावतो.
क) दोघं एकमेकांवर सारखंच बल लावतात.
ड) फक्त एसटी बल लावते, डास लावत नाही.

बरोबर उत्तर क. पण बहुतेक मुलं अ किंवा ड निवडतात, कारण डास मरतो आणि एसटीला काहीच होत नाही. बल आणि बलाचा परिणाम ही दोन वेगळी प्रकरणं आहेत हे त्यांना उमगलेलं नसतं. बल सारखंच, पण डासाचं वस्तुमान नगण्य म्हणून त्याच्या वेगात प्रचंड बदल होतो आणि एसटीच्या वेगात मोजण्याइतकाही होत नाही. हे वाक्य शिक्षकाने सांगितलं तर वहीत जातं. मुलाने शेजाऱ्याशी भांडून शोधलं तर लक्षात राहतं. ब पर्याय कोणी निवडत नाही, म्हणजे तो भरतीचा आहे. पुढच्या वर्षी त्याच्या जागी ‘एसटी थांबलेली असती तरच बल सारखं झालं असतं’ हा पर्याय टाका. तो बरोब्बर फसवतो.

दुसरा असाच प्रश्न: सरळ, सपाट रस्त्यावरून बैलगाडी एकसमान वेगाने चालली आहे. गाडीवरचं एकूण बल पुढच्या दिशेने आहे, शून्य आहे, की मागच्या दिशेने आहे? उत्तर शून्य. बैलांचा ओढा आणि घर्षण एकमेकांना तोलतात. ‘पण मग गाडी पुढे कशी जाते?’ हा प्रश्न वर्गात उठलाच पाहिजे. उठला नाही तर न्यूटनचा पहिला नियम (एकूण बल शून्य असेल तर वेग बदलत नाही) कोणालाच पटलेला नाही, नुसता पाठ झाला आहे.

फसवे पर्याय सुचत नसतील तर गेल्या वर्षीच्या उत्तरपत्रिका काढा. मुलांनी लिहिलेल्या चुका त्यांच्याच शब्दांत पर्यायांत घाला. एका तासाला दोन प्रश्न पुरतात, तिसरा राखीव ठेवा.

मत कसं घ्यायचं

हात वर करायला सांगू नका. पहिल्या बाकावरच्या हुशार मुलाचा हात बघून तीस हात वर येतात.

सर्वांत साधा उपाय म्हणजे रंगीत पत्ते. ए-फोर कागदाचे चार तुकडे केले की पोस्टकार्डाएवढे पत्ते होतात. अ लाल, ब निळा, क पिवळा, ड हिरवा. ४८ मुलांना प्रत्येक रंगाचे १२ कागद, म्हणजे एकूण ४८ कागद लागतात. पत्त्यावर अक्षरही मोठं लिहा, काही मुलांना लाल आणि हिरवा वेगळा ओळखता येत नाही. प्रत्येक मुलाचे चार पत्ते रबराने बांधून कंपासपेटीत राहतात. मत देताना पत्ता आधी छातीशी उलटा धरायचा आणि ‘एक, दोन, तीन’ला एकदम वळवायचा, हनुवटीखाली. डोक्यावर धरला तर मागच्यांना दिसतो.

शिक्षकाकडे फोन असेल तर प्लिकर्स हे अ‍ॅप आणखी सोयीचं. प्रत्येक मुलाला क्रमांकाचं छापील चौकटीचं कार्ड मिळतं. कोणती बाजू वर धरली त्यावरून उत्तर ठरतं, आणि शिक्षकाचा फोन वर्गावरून फिरवला की सगळी कार्डं वाचली जातात. मुलांकडे फोन लागत नाही आणि कार्ड पाहून शेजाऱ्याला उत्तर सहज ओळखता येत नाही. कार्डं साध्या कागदावर छापून पुठ्ठ्यावर चिकटवा. लॅमिनेशन केलं तर ट्यूबलाइटचा उजेड चमकतो आणि कॅमेऱ्याला कार्ड वाचता येत नाही.

घरून मत घ्यायचं असेल तर व्हॉट्सअ‍ॅपचं पोल टाळा. कोणी कोणतं मत दिलं ते सगळ्यांना दिसतं, आणि पहिली पाच मतं ज्या पर्यायाला पडतात तिकडेच बाकीचे जातात. त्याऐवजी गूगल फॉर्म घ्या, तोही निकाल मुलांना दिसणार नाही अशा बेताने लावा.

पस्तीस मिनिटांचा हिशोब

पहिली पाच मिनिटं चिठ्ठ्यांवर: अडलेल्या दोन गोष्टी फळ्यावर लिहायच्या, लगेच उत्तर द्यायचं नाही. मग पहिला प्रश्न. तो फळ्यावर किंवा प्रोजेक्टरवर आधीच तयार असावा. एकदा मोठ्याने वाचा आणि दीड मिनिट पूर्ण शांतता ठेवा. हे दीड मिनिट शिक्षकाला फार लांब वाटतं आणि बहुतेक जण चाळीस सेकंदांत बोलून टाकतात. घड्याळ लावा. प्रत्येक मुलाने वहीच्या समासात उत्तराचं अक्षर लिहिलंच पाहिजे. न लिहिता चर्चेला बसलेलं मूल ‘मला पण तेच वाटत होतं’ म्हणत मोकळं होतं.

पहिलं मत घ्या. बरोबर किती हे पटकन मोजा, फक्त योग्य रंग मोजला की झालं. माझूर यांच्या पद्धतीत साधारण ३० ते ७० टक्के उत्तरं बरोबर असतील तेव्हा चर्चा सगळ्यात फळते. ४८च्या वर्गात याचा अर्थ असा: १५ पेक्षा कमी बरोबर असतील तर चर्चेला देऊ नका, एखादी सूचना किंवा छोटा प्रयोग दाखवा आणि पुन्हा मत घ्या. १५ ते ३३ असतील तर चर्चा. ३४ किंवा जास्त असतील तर एका मुलाकडून कारण वदवून घ्या आणि पुढे चला. सोप्या प्रश्नावर चर्चा लादली की मुलं गप्पा मारू लागतात.

मताचा निकाल मुलांना सांगायचा नाही. पिवळे जास्त आहेत हे कळलं की सगळे पिवळ्याकडे सरकतात, विचार संपतो.

आता तीन मिनिटं चर्चा. सूचना अगदी नेमकी द्या: ‘वेगळं उत्तर असलेला शोध. शेजाऱ्याचं सारखंच असेल तर मागच्या बाकाकडे वळ. तुझं का बरोबर ते त्याला पटव.’ विषम क्रमांकाच्या बाकावरच्यांनी मागे वळायचं, हे कायमचं ठरवून टाका, म्हणजे रोज दोन मिनिटं बाक सरकवण्यात जात नाहीत. दर बाकावर तिघं बसत असतील तर मधल्याने आधी ऐकायचं आणि शेवटी बोलायचं.

या तीन मिनिटांत शिक्षकाचं काम ऐकणं, एवढंच. बाकांमधून फिरा, ऐकलेली दोन-तीन वाक्यं हातातल्या कागदावर टिपा. कोणी ‘सर, बरोबर ना?’ विचारलं तर ‘तिला पटलं का?’ असं उलट विचारा. मुलं शिक्षकाचा चेहरा फार चांगला वाचतात. बरोबर उत्तर ऐकून भुवई हलली तरी बातमी तीन बाक पुढे पोचते.

मग दुसरं मत, आणि चार मिनिटं उलगडा. उलगडा चुकीच्या उत्तरापासून सुरू करा: ‘अ कोणाला का बरोबर वाटलं?’ उत्तर बदललेल्या मुलाला बोलायला लावा, त्याला कशाने पटलं हे तो वर्गातल्या कोणाहीपेक्षा चांगलं सांगतो. टिपून घेतलेलं एखादं वाक्य नाव न घेता फळ्यावर लिहा. बरोबर उत्तर सगळ्यात शेवटी.

एका प्रश्नाला अकरा मिनिटं जातात, दोनाला बावीस. उरलेल्या सात-आठ मिनिटांत प्रत्येकाने वहीत तीन ओळी लिहायच्या: आधी काय वाटत होतं, आता काय वाटतं, कशामुळे बदललं. घंटा होईपर्यंत बोलत राहून ही तीन ओळींची जागा खाऊ नका. वर्गात बोललेलं इथेच मुरतं.

कुठे बिघडतं

दुसऱ्या मतात बरोबर उत्तरं वाढायला हवीत. वाढली नाहीत किंवा घटली, तर आधी प्रश्न तपासा. शब्दांचा घोळ असतो: ‘बल’ आणि ‘मार’ मुलांनी एकच धरलेलं असतं. प्रश्न ठीक असेल तर कोणीतरी ठाम आवाजाचं मूल चुकीचं उत्तर पसरवत असतं. त्याला गप्प करू नका. दुसऱ्या दिवशी त्याच्या बाकाजवळ उभं राहून ‘असं असेल तर रिकाम्या एसटीवर आणि भरलेल्या एसटीवर डास वेगवेगळं बल लावेल का?’ असा एक पाचरप्रश्न टाका आणि पुढे जा.

एकच मूल बोलतं आणि दुसरं मान डोलावतं, ही सर्वांत नेहमीची अडचण. त्यावर भाषण देऊन उपयोग नाही, हातातलं पेन बदला. नियम असा की समजावणाऱ्याच्या हातात पेन नसेल. आकृती काढायची, बाण दाखवायचा, तर तो ऐकणाऱ्याने काढायचा आणि समजावणाऱ्याने नुसतं तोंडाने सांगायचं. हुशार मुलाला पहिल्यांदाच कळतं की आपल्याला येतं ते सांगता येतंच असं नाही. ऐकणारं मूलही झोपू शकत नाही.

काही जोड्या बोलतच नाहीत. भांडण, लाज, कधी गावातलं जुनं वैर बाकापर्यंत आलेलं असतं. मुलगा आणि मुलगी शेजारी बसवण्याचा हट्ट पहिल्या महिन्यात करू नका. मुली मुलींशी आणि मुलं मुलांशी बोलली तरी पद्धत चालते. जोड्या दर तीन आठवड्यांनी बदला, रोज नको. विश्वास बसायला तेवढा वेळ लागतो.

गप्प जोडीला पहिलं वाक्य उसनं द्या. भिंतीवर चार वाक्यं मोठ्या अक्षरात लावा: ‘मी … निवडलं, कारण …’, ‘तुझं म्हणणं असं आहे का, की …?’, ‘पण असं असेल तर … कसं होईल?’, ‘आता मला पटलं, कारण …’. सुरुवातीला मुलं ती पोपटासारखी म्हणतात. म्हणू द्या.

आणि भाषा. चर्चा अहिराणीत, वऱ्हाडीत, मालवणीत, बंजारा बोलीत, घरी जी असेल तिच्यात होऊ द्या. ‘प्रमाण मराठीत बोला’ म्हटलं की निम्मा वर्ग मुका होतो. पुस्तकी शब्द, म्हणजे बल, वस्तुमान, त्वरण, वहीतल्या तीन ओळींत आले म्हणजे पुरे.

गोंगाट होणार. शेजारच्या वर्गाच्या शिक्षकांना आणि मुख्याध्यापकांना आधी सांगून ठेवा की या तासाला दोनदा तीन-तीन मिनिटं आवाज येईल. थांबवण्यासाठी ओरडू नका. हात वर करून उभे राहा, बघणाऱ्यानेही हात वर करून गप्प व्हायचं. आठवड्यात सवय लागते.

लिहिलेल्या उत्तरावर सहाध्यायीचा शेरा

हा भाग फोनवर चांगला चालतो, कारण त्याला सगळ्यांनी एकाच वेळी हजर असावं लागत नाही. सहा-सहांचे आठ गट करा. गटातल्या प्रत्येकाने एका मोठ्या प्रश्नाचं उत्तर लिहायचं, फोटो काढायचा, आणि आधीच ठरलेल्या दोघांनी त्यावर शेरा द्यायचा. क्रम ठरलेला हवा: १चं उत्तर २ आणि ३ वाचतील, २चं उत्तर ३ आणि ४, असं गोल. मुलांवर सोडलं तर सगळे मैत्रिणीचंच वाचतात आणि एकाचं कोणीच वाचत नाही.

‘छान’, ‘मस्त’, अंगठ्याचं चिन्ह हे शेरे धरायचे नाहीत. ‘चूक आहे’ हाही शेरा नाही. शेऱ्यात दोनच गोष्टी: ओळ क्रमांकासह एक प्रश्न आणि एक सूचना. नमुना असा द्या: ‘पहिल्या ओळीत दोन्ही बलं सारखी लिहिलीस, तिसऱ्या ओळीत एसटीचं बल जास्त म्हणतेस. कोणतं धरायचं? डासाच्या वस्तुमानाबद्दल एक वाक्य घाल.’ शेरा मिळाल्यावर मूळ लेखकाने निळ्याऐवजी दुसऱ्या रंगाच्या शाईने दुरुस्ती करायची, मूळ मजकूर खोडायचा नाही. काय बदललं ते एका नजरेत दिसतं. शिक्षकाने दर फेरीला आठ वह्या बघायच्या, दर गटातली एक, आणि उत्तराइतकंच लक्ष शेऱ्याकडे द्यायचं.

हे फोटो आणि शेरे ज्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचे त्याची वेळ बांधून द्या, संध्याकाळी सात ते आठ. घरच्या फोनवरचा मेसेज आधी वडील वाचतात, मग मूल. रात्री साडेदहाला आलेला ‘तुझं उत्तर चुकलंय’ हा मेसेज घरात वेगळाच अर्थ घेतो. मुलींचे किंवा त्यांच्या आयांचे नंबर सगळ्या वर्गाला दिसू नयेत असं पालकांना वाटत असेल, तर फोटोंऐवजी वह्याच बदला. एक दिवस घरी नेऊन पेन्सिलीने समासात शेरा लिहिला तरी काम तेच होतं. नेट हे इथे फक्त टपाल आहे.

माहितीचा पाठ असेल तर जिगसॉ

गतीच्या नियमांत पहिला कळल्याशिवाय दुसरा कळत नाही, त्यामुळे तो पाठ मुलांत वाटून देता येत नाही. वनस्पतींचं वर्गीकरण मात्र येतं. एलियट अ‍ॅरन्सन यांनी १९७१ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या शाळांत सुरू केलेली जिगसॉ पद्धत, म्हणजे पाठाचे तुकडे करून प्रत्येकाने आपला तुकडा गटाला शिकवायचा, तिथे चपखल बसते. सहांचे आठ गट करा. वनस्पतींच्या सहा प्रकारांचे सहा तुकडे: थॅलोफायटा, ब्रायोफायटा, टेरिडोफायटा, अनावृत्तबीजी, एकबीजपत्री, द्विबीजपत्री. गटातल्या प्रत्येकाला एक तुकडा. त्याचाच व्हिडिओ त्याने घरी पाहायचा आणि जमलं तर नमुना आणायचा: डबक्यातलं शेवाळ, भिंतीवरचं मॉस, नेच्याचं पान, मक्याचं रोप, भिजवून मोड आणलेला हरभरा. सायकस बऱ्याच शाळांच्या आवारात असतोच.

वर्गात आधी एकाच तुकड्याची मुलं एकत्र बसतात. ती आठ होतात आणि आठांत चौघंच बोलतात, म्हणून चार-चारचे दोन गट करा. पंधरा मिनिटांत त्यांनी ठरवायचं की आपला तुकडा इतरांना कसा सांगायचा आणि शेवटी कोणता एक प्रश्न विचारायचा. या वेळी शिक्षकाने प्रत्येक गटाकडे एकदा जाऊन चूक पकडलीच पाहिजे. इथे राहिलेली चूक पुढच्या तासाला आठ गटांत पोचते. दुसऱ्या तासिकेत मूळ गट बसतो आणि प्रत्येकाला चार मिनिटं मिळतात: तीन सांगायला, एक प्रश्नाला. सहा गुणिले चार म्हणजे चोवीस मिनिटं, उरलेल्या वेळात सगळ्यांना सहाही तुकड्यांवरची छोटी चाचणी, एकेकट्याने.

गैरहजेरी हा जिगसॉचा शत्रू आहे. गटातला नेच्यावालाच (टेरिडोफायटाचा तुकडा असलेला) आला नाही तर शेजारच्या गटाचा नेच्यावाला त्या चार मिनिटांपुरता दोन्ही गटांना एकदम सांगेल, हे आधीच जाहीर करा. यात्रेच्या, लग्नसराईच्या किंवा कापूस वेचणीच्या दिवसांत जिगसॉ लावूच नका.

गुण आणि नोंदी

पहिल्या मताला गुण द्यायचे नाहीत. गुण दिले की मुलं विचार करण्याऐवजी शेजाऱ्याचा पत्ता चोरून बघतात. दुसऱ्या मतालाही नकोत. गटाला सरसकट एक गुण देणंही टाळा, त्यावरून भांडणं होतात आणि ती रास्त असतात. गुण द्यायचेच तर दोन गोष्टींना द्या: वहीतल्या तीन ओळींना आणि दुसऱ्याच्या उत्तरावर लिहिलेल्या शेऱ्याला. दोन्ही एकट्याने केलेली, लेखी आणि दाखवता येणारी कामं आहेत.

सुरुवात एका वर्गात, आठवड्यातून एका तासाने आणि एकाच प्रश्नाने करा. दोन आठवड्यांनी दोन प्रश्न. वह्यांची देवाणघेवाण दुसऱ्या महिन्यात, जिगसॉ सत्राच्या शेवटी. सगळं एकदम सुरू केलं तर पहिल्या चाचणी परीक्षेच्या धांदलीत सगळंच सुटतं.

प्रत्येक प्रश्नाची एक ओळ वहीत ठेवा: तारीख, प्रश्न, पहिल्या मतात बरोबर किती, दुसऱ्यात किती, सगळ्यात जास्त फसवलेला पर्याय कोणता. डासाच्या प्रश्नापुढे १९ आणि ३७ असे आकडे आले तर तो जपून ठेवा. २५ आणि २६ आले तर पर्याय बदला, आणि ४१ आणि ४३ आले तर तो प्रश्न पुढच्या वर्षी घरच्या चिठ्ठीत टाका.